सेवा करणाऱ्याची विचारपूस

घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणास खिळले, की आप्तेष्ट समाचारास येतात. रोग्याच्या उशाशी बसून औषध काय चालू आहे, झोप लागते काय, डॉक्टर काय म्हणतात, हे सर्व ते विचारतात, आणि त्यांच्या हाती चहाचा पेला देणाऱ्या सुनेस, मुलीस अथवा वृद्ध पतीस "तुमचे कसे काय चालले आहे?" असे न विचारताच निघून जातात. ह्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

त्यास आमच्याच हातून घडलेली एक चूक कारण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येई. आम्ही तिला दारापाशी उभी करीत असू, व एकदा सर्वांसमक्ष आळशीही म्हटले. पुढे पालकसभेस तिच्या घरचे कोणीच आले नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की, आई पहाटेच्या लोकलने कामावर जाते. आणि आजीस उठविणे, तिचे तोंड धुणे, कपडे बदलणे व पेज भरविणे हे सर्व उरकून ही मुलगी शाळेत येते. आजीस स्मृतिभ्रंश झालेला. ती नातीस ओळखीत नसे, कधी हातही उगारी. हे तू आधी का सांगितले नाहीस, असे आम्ही म्हणालो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही विचारलं नव्हतं."

आपले लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात, ह्याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केली. घरातील मुलांची, आजाऱ्यांची व वृद्धांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्या कामी दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देतात, असे तीत आढळले. मिनिटे मोजता आली, हे उत्तम झाले. परंतु रात्री शेजारच्या खोलीचा कानोसा घेत अर्धवट झोपणे कोणत्या रकान्यात लिहावे?

मनाच्या आजारात तर सेवेच्या जोडीला लज्जाही येते. आमच्या ह्या भागातील वाचकांस "ह्याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा ठाऊक असेलच. ठाण्यास १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे, त्यावरून ही निघाली. थट्टा करणारा हसून मोकळा होतो. परंतु ज्याचा भाऊ खरोखरीच तेथे आहे, तो ती ऐकून चाळीत तोंड मिटून बसतो. बहिणीचे लग्न मोडेल, शेजारी येणेजाणे सोडतील, ह्या भीतीने दाराआड सर्व सोसले जाते.

त्याच ठाणे शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापिली. रोग्यावर उपचार करून न थांबता, कुटुंबीयांस एकत्र आणणारे स्वमदत गटही तिने चालविले. ठाण्यापुण्याच्या अशा गटांत दोन शब्द रूढ झाले आहेत, ते आम्हांस फार आवडतात. रोग्यास तेथे 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची देखभाल करणाऱ्यास 'शुभंकर'. नाव मिळाल्याने काम हलके होत नाही हे खरे. तथापि ज्यास नाव आहे, त्याच्याविषयी निदान बोलता तरी येते.

अशा गटात घडते तरी काय? माणसे वर्तुळ करून बसतात व एकेक जण आपली हकीगत सांगतो. मुलगा गोळी घेत नाही, असे एक आई म्हणते. दहा वर्षे ह्याच वाटेने गेलेली दुसरी आई आपण काय केले ते सांगते. झोप कमी होणे, एकटेच पुटपुटणे, विनाकारण संशय घेणे ही आजार उलटण्याची पूर्वचिन्हे असू शकतात, हे येथे एकमेकांकडून कळते. कोणी रागाच्या भरात मुलास मारले म्हणून रडू लागले, तर त्याचा न्यायनिवाडा करीत नाहीत; आणि येथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही, हा नियम सर्वांस असतो.

ह्यात केवळ सांत्वन आहे असे कोणी समजू नये. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा आजार आईच्या वागण्यामुळे होतो, असे एके काळी मोठमोठे पंडितही म्हणत. ते मत पुढे टाकून देण्यात आले. लंडन येथे जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या अभ्यासांत निराळीच गोष्ट दिसली. ज्या घरी टीका व चिडचीड अधिक, तेथे परतलेल्या रोग्याचा आजार पुन्हा उलटण्याचा संभव अधिक. आता थकलेला माणूस चिडणारच! म्हणून घरच्यांस आजाराची माहिती व आधार देणे हा उपचाराचाच भाग ठरला, आणि तसे केल्याने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे पुढे सिद्ध झाले.

पुण्यातील 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही तर एका शुभंकरानेच उभी केली. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पत्नीस हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी हे कार्य हाती घेतले, व २००४ सालच्या 'देवराई' ह्या मराठी चित्रपटामागेही तेच होते. त्या चित्रपटात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीण महत्त्वाची आहे. पालकांनी तो मुलांसह अवश्य पाहावा.

कायद्यानेही ह्या मंडळींची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील देखभाल करणाऱ्याच्या व्याख्येत, मोबदला न घेणारे आईबाप व कुटुंबीय स्पष्टपणे येतात. तसेच ज्या दिव्यांगांस अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी देखभाल भत्त्याचीही तरतूद त्यात आहे. फोनवर सल्ला हवा असल्यास मनाच्या तक्रारींकरिता १४४१६ व वृद्धांसंबंधी १४५६७ हे सरकारी क्रमांक आहेत.

खरी अडचण निराळीच आहे. सभा ठाण्यास, घर डोंबिवलीस अथवा कल्याणपलीकडे, आणि रोग्यास एकटे टाकवत नाही. ज्यास सभेची गरज सर्वांत अधिक, त्यालाच उंबरठा ओलांडता येत नाही! व्याख्याने पुष्कळ होतात, त्यांच्या हस्तपत्रिकांवर "येताना घरी कोण थांबेल?" हा प्रश्न आम्ही अद्याप वाचलेला नाही. येथे विद्यार्थ्यांस व शेजाऱ्यांस काम आहे. दोन तास बसावयाचे, एवढेच. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीने तेच पुनःपुन्हा विचारले तर तितक्याच वेळा शांतपणे उत्तर द्यावे. "आताच सांगितले ना" असे म्हणू नये, वादही घालू नये. घरच्यांचा फोन क्रमांक जवळ ठेवावा, आणि औषध त्यांच्या सांगण्यावाचून देऊ नये.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत असत. त्यांनी महिन्यातील एक शनिवार दुपार आजीपाशी बसण्याचे मान्य केले. पहिल्या शनिवारी आई ठाण्यास एका सभेस गेली, व मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासास. पुढे आई शाळेत भेटली, तेव्हा सभेत काय झाले ते आम्ही विचारले. ती म्हणाली, "बोलले काहीच नाही, सर. नुसती ऐकत बसले. चहा आला, तो गरम असतानाच प्यायले."