रुळांकाठची जमीन आणि सूर्याची वीज

जमीन वाढत नाही. माणसाच्या गरजा मात्र दिवसेंदिवस वाढत जातात. धान्यासाठी शेत हवे, राहण्यासाठी घर हवे, गुरांना कुरण हवे आणि आता विजेसाठीही जमीन हवी. सूर्यप्रकाशापासून वीज करावयाची म्हटली, तर एक मेगावॉट क्षमतेच्या केंद्रास साधारणपणे चार ते पाच एकर जागा लागते. ती आणावयाची कोठून? पिकाऊ शेत घ्यावे, तर शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो. माळरान घ्यावे, तर मेंढरांनी चरावयास जावे कोठे? म्हणूनच, जी जमीन अगोदरच सार्वजनिक कामासाठी घेतलेली आहे तिच्याकडून आणखी एक काम करवून घेता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रेल्वेमार्ग म्हणजे केवळ दोन रूळ नव्हेत. पुढेमागे आणखी मार्ग टाकता यावा, फलाट वाढविता यावा, म्हणून रुळांच्या कडेला व स्थानकांच्या आसपास बरीच जागा राखलेली असते. आपल्याजवळील अशा सुमारे ५१ हजार हेक्टर मोकळ्या जमिनीवर २० गिगावॉट, म्हणजे २० हजार मेगावॉट, क्षमतेची सौर केंद्रे उभारता येतील, असा अंदाज भारतीय रेल्वेने २०२० मध्ये मांडला.

त्याच वर्षी या विचाराची प्रत्यक्ष कसोटी पाहण्यात आली. ग्वाल्हेर-झाशीहून भोपाळकडे जाताना मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात बीना हे जंक्शन लागते. तेथे रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर ‘भेल’ या सरकारी कंपनीच्या साहाय्याने १.७ मेगावॉटचे सौर केंद्र उभारण्यात आले. त्याचा विशेष असा, की तेथील वीज दिवे-पंख्यांसाठी नसून, थेट गाड्या ओढणाऱ्या तारेला देण्यासाठी आहे.

हे वाटते तितके सोपे नाही. सौर पॅनेलमधून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यास दिष्ट प्रवाह म्हणतात. रुळांवरील तारेत मात्र २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो आणि तो सेकंदाला ५० आवर्तने करतो. म्हणून प्रथम इन्व्हर्टर नावाचे यंत्र दिष्ट प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करते. नंतर रोहित्र त्याचा दाब वाढविते. लेझमीच्या पथकात मध्येच शिरणाऱ्या मुलाला जसे इतरांच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते, तसेच या नव्या विजेला तारेतील विजेच्या तालाशी अचूक जुळवून घ्यावे लागते. ताल चुकला, तर यंत्रे बिघडतात. ही जुळणी साधली, की वीज पिकते तेथेच खर्चीही पडते, आणि दूरवर वाहून नेताना होणारी तिची घट टळते.

आता थोडा हिशेब करू. बीना येथील केंद्रातून वर्षाला सुमारे २५ लाख युनिट वीज मिळेल, अशी अपेक्षा होती. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक घरांची ही वर्षभराची गरज होय. परंतु प्रवासी गाड्या ओढणारे ‘डब्ल्यूएपी-७’ जातीचे एकटे इंजिन पूर्ण शक्तीने चालताना सुमारे ४,७०० किलोवॉट शक्ती देते. हे केंद्र मात्र भर दुपारीही फार तर १,७०० किलोवॉट देणार! मग हा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? मुळीच नाही. इंजिन सदैव पूर्ण शक्तीने चालत नाही. शिवाय सूर्याने दिलेल्या प्रत्येक युनिटामागे तेवढा कोळसा जाळावयाचा वाचतो. मात्र एका केंद्राने भागत नाही, अशी पुष्कळ केंद्रे हवीत, हा धडा या आकड्यांतून घ्यावयाचा.

रेल्वेप्रमाणे विमानतळांजवळही जागा असते. केरळातील कोची विमानतळाने १८ ऑगस्ट २०१५ रोजी सुमारे ४५ एकरांवर १२ मेगावॉटचे केंद्र सुरू केले. पुढे तेथे पॅनेलांच्या खाली व मधल्या जागेत भाजीपाला पिकविण्यात आला, आणि पॅनेल धुतलेले पाणी त्या वाफ्यांच्या कामी आले. एकाच जमिनीने वीजही दिली आणि भाजीही!

तथापि, या मार्गात अडचणी आहेत, हे विसरता कामा नये. रात्री सूर्य नसतो, म्हणून इतर वीज हाताशी ठेवावीच लागते. पॅनेलांवर धूळ बसली की उत्पन्न घटते. पॅनेलांवरील चकाकीने चालकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये, त्यास सिग्नल स्पष्ट दिसावा, हे पाहावे लागते. उद्या नवा मार्ग टाकावयाचा झाल्यास जागा मोकळी करता आली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कागदावर मोकळी दिसणारी जमीन खरोखरच मोकळी असतेच असे नाही. तेथे कोणी भाजी लावलेली असते, कोणाचे झोपडे असते. त्यांचा विचार न करता उभारलेले केंद्र प्रकाश देईल खरे, पण तो कोणाच्या तरी घरातील दिवा मालवून दिलेला असेल.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील प्रवासात खिडकीजवळ बसलात, तर रुळांकाठची जागा जरा निरखून पाहा. तिची लांबी-रुंदी किती असावी, तिच्यावर झाडांची वा इमारतींची सावली पडते काय, सध्या तिचा उपयोग कोण करीत आहे, याचा अंदाज घ्या. एका मेगावॉटला चार एकर, या मापाने हिशेब मांडा. देशाची साधनसंपत्ती केवळ खाणींत आणि धरणांत नसते. आपण ज्या जागेकडे पडीक म्हणून पाहतो, तेथेही ती असू शकते. मात्र तिचा उपयोग करावयाचा तो मोजून-मापून आणि माणसांची कदर राखून.