संगणकातील वीजघर

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत आठ संगणक आहेत. त्यांपैकी खिडकीजवळचा संगणक एके दिवशी अचानक बंद पडला. नववीतील एक विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता तयार करत होती. पडदा काळा झाला आणि तिची अर्ध्या तासाची मेहनत वाया गेली. बटण दाबले की संगणक सुरू होई. पण कधी पाच मिनिटांनी, तर कधी तासाभराने पुन्हा बंद पडे. दुरुस्तीसाठी एक कारागीर आला. त्याने थोडा वेळ पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. आता नवा संगणकच घ्या." शाळेजवळ तेवढे पैसे नव्हते. म्हणून आधी आपणच कारण शोधावे, असे आम्ही ठरवले.

संगणकाच्या पेटीला विजेची जाड वायर जिथे लावतात, तिथे आतल्या बाजूला पत्र्याचा एक डबा असतो. त्यात छोटा पंखा असतो आणि त्यातून रंगीत तारांचा जुडगा बाहेर येतो. बाजारात त्याला सगळे 'एसएमपीएस' म्हणतात. दुकानात गेलात तर तुम्हीही हेच नाव सांगा. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि तिची दिशा सतत बदलत असते. संगणकाचे भाग मात्र नाजूक असतात. त्यांना एकाच दिशेने वाहणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज लागते. हा बदल करण्याचे काम तो डबा करतो. म्हणून त्याला संगणकाचे वीजघर म्हणायला हरकत नाही.

हे वीजघर कमजोर झाले की त्रास दुसऱ्याच भागांत दिसतो, आणि दोषही त्यांच्यावरच येतो.

आम्ही सुरुवात बाहेरून केली, कारण त्याला काही खर्च नव्हता. वायर बदलली. यूपीएस बाजूला ठेवून वायर सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावली. फरक पडला नाही. प्रोसेसर फार तापला तरी संगणक बंद होतो. म्हणून वायर काढून पेटी उघडली आणि मऊ ब्रशने धूळ साफ केली. धूळ तर मूठभर निघाली! तरीही संगणक बंद पडलाच. मेमरीची पट्टी काढून पुन्हा नीट बसवली. मेमरी खराब असेल, तर पुष्कळदा पडद्यावर चुकीचा संदेश येतो किंवा 'बीप' असा आवाज होतो. येथे तसे काहीच नव्हते. कोणी भिंतीवरचे बटण बंद करावे, तसा संगणक एका क्षणात विझत होता.

मग आम्ही एका वहीत नोंद ठेवली. नुसते लेखन चालू असले, तर संगणक तासभर चाले. चित्रांचे मोठे काम सुरू केले, की लगेच बंद पडे. मोठ्या कामाला वीज जास्त लागते. आता आमचा संशय त्या डब्यावर गेला.

विज्ञानाच्या सरांनी मल्टिमीटर आणला. डब्यातून आलेल्या एका रिकाम्या प्लगमधील काळी आणि पिवळी तार त्यांनी स्वतः तपासली. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतात. मीटरवर ११.९ दिसले.

"सर, हा तर ठीक आहे!" एक मुलगा म्हणाला.

"थांब. आता चित्रांचे काम सुरू कर," सर म्हणाले.

आकडा उतरू लागला. तो ११.१ झाला आणि संगणक बंद पडला. सकाळी सगळ्या घरांतले नळ एकदम उघडले, की पाण्याची धार बारीक होते. तसेच हे झाले. काम कमी असताना मोजलेला आकडा फसवतो, हे मलाही तेव्हाच नीट समजले.

शेवटी शेजारच्या संगणकातील तेवढ्याच वॉटचा चांगला एसएमपीएस काढून येथे लावला. संगणक दोन तास मोठे काम करत राहिला. मदरबोर्ड निर्दोष ठरला. खराब डबा मात्र आम्ही चांगल्या संगणकाला लावून पाहिला नाही. त्यामुळे तोही बिघडू शकतो.

"सर, हा डबा उघडून पाहू या?" मुलांनी विचारले. मी साफ नाही म्हटले. त्यात कपॅसिटर नावाचे भाग असतात. त्यांत ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाबाची वीज साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ राहते. तिच्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. हेच कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. त्यात धुळीने पंखा मंद झाला, की हे लवकर घडते. आमच्या खिडकीबाहेर रस्ता आहे, हे सांगायला नकोच.

नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने नवा एसएमपीएस पुष्कळ स्वस्त पडला. जुना डबा कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्याला दिला. त्या मुलीने तक्ता पुन्हा पहिल्यापासून केला. या वेळी ती दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करत होती.