रिपोर्टातला पोटॅशियमचा आकडा येतो कुठून?

सोडियमवरचा भाग झाल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, आता पोटॅशियमचं काय? ज्यांच्या घरी कोणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना हा आकडा चांगलाच ओळखीचा असतो. मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर. सहाच्या वर गेला की हृदयाची लय बिघडण्याची भीती.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र पोटॅशियमचे कण मोजत बसत नाही. ते वाचतं विजेचा दाब, तोही मिलिव्होल्टमध्ये. इलेक्ट्रोडच्या टोकाला पीव्हीसीचा पातळ पडदा असतो आणि त्यात व्हॅलिनोमायसिन मिसळलेलं असतं. हे मूळचं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंकडून मिळालेलं. त्याचा रेणू कड्यासारखा. पोटॅशियमचा आयन त्यात नेमका बसतो. सोडियमचा लहान पडतो, कड्याला तो नीट धरता येत नाही. रक्तात सोडियम पोटॅशियमच्या तीस-पस्तीस पट, तरी हा पडदा त्याला फारशी दाद देत नाही. मला विचाराल तर सगळी करामत या कड्याचीच.

पडद्याच्या आतल्या बाजूला ठरावीक पोटॅशियमचं द्रावण, बाहेर आपला नमुना. दोन्हीकडच्या फरकामुळे जो दाब तयार होतो, तो शेजारच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी ताडून वाचतात. नर्न्स्ट यांच्या समीकरणानुसार पोटॅशियम दहापट झालं तरी 37 अंश सेल्सिअसला दाबात फक्त 61.5 मिलिव्होल्टचा फरक पडतो. आता हिशेब बघा. 3.5 ते 5 हा सगळा नॉर्मल पट्टा साडेनऊ मिलिव्होल्टांत मावला! एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे निकालात जवळपास 4 टक्क्यांची. म्हणून माहीत असलेल्या दोन द्रावणांवर यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घेतात. आम्ही फायरिंगआधी रायफल झिरो करायचो, तसंच.

पण यंत्र अगदी चोख असलं, तरी नळीत जे आहे तेच ते सांगणार. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, पेशी फुटल्या, की आतलं सगळं बाहेर. रक्त वेगळं न करता तासन् तास फ्रिजमध्ये ठेवलं तरी तेच, कारण थंडीत पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम झिरपत राहतं. हाताला पट्टा बांधून मूठ सारखी उघडझाप केली तरी आकडा चढतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत तर पोटॅशियमचंच मीठ असतं. त्यातला थेंब दुसऱ्या नळीत गेला, तर निकाल भलताच.

आमच्या मेव्हण्यांचा आकडा एकदा 6.3 आला. रक्त घरून नेलेलं, प्रयोगशाळेत पोचायला दुपार झालेली. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, लगेच नव्याने रक्त घेतलं: 4.6. मात्र म्हणून मोठा आकडा आला की ‘नमुना खराब असेल’ असं घरीच ठरवून गप्प बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि रिपोर्टावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का, तेही पाहून घ्या. तो बहुधा तळाशी, बारीक अक्षरात असतो.