वास्तव्य आणि अधिवास : वळिवडे छावणीतील दोन निर्वासित समूह व कायम निवासाचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रवेशाच्या हंगामात 'रहिवासी दाखला' आणि 'अधिवास प्रमाणपत्र' यांची गल्लत नेहमी होताना दिसते. अमुक ठिकाणी राहणे ही वस्तुस्थिती आहे. तेथे कायम राहण्याचा हेतू असणे आणि तो कायद्याला मान्य होणे ही वेगळी बाब आहे. महाराष्ट्रात अधिवासासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे पुरेशी वर्षे राहिले की हक्क आपोआप प्राप्त होतो, असा समज रूढ झाला आहे. परक्या देशातून आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा समज टिकत नाही. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे एकाच छावणीत पाठोपाठ राहिलेल्या दोन निर्वासित समूहांच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने कायम निवासाच्या कायदेशीर स्वरूपाचा विचार केला आहे.

पोलिश निर्वासित : युद्धकाळापुरता आसरा

१९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली व इराणमार्गे काही जण भारतात पोहोचले. मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत, कोल्हापूर संस्थानच्या हद्दीतील वळिवडे येथे १९४३ मध्ये त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार लोकांच्या या वस्तीत स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या मोठी होती. शाळा, चर्च, दवाखाना असे स्वतंत्र गावच तेथे वसले. स्थानिकांशी संबंध सौहार्दाचे राहिले, याच्या आठवणी दोन्ही बाजूंनी जपलेल्या आहेत.

तथापि ही व्यवस्था युद्धकाळापुरती होती. छावणीचा खर्च लंडनस्थित पोलिश सरकार करीत असे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि या लोकांच्या पाठीशी असलेले राज्यच नाहीसे झाले. त्यांच्यापैकी बहुतेकांची मूळ गावे सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेली होती. म्हणजे परत जायचे म्हटले तरी घर उरले नव्हते. ब्रिटनच्या १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने सैनिकांच्या कुटुंबीयांना तेथे वाट मिळाली. इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा आदी देशांत पांगले, काही पोलंडला परतले. विवाहामुळे मोजक्या स्त्रिया मात्र भारतात राहिल्या. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

सिंधी निर्वासित : कायम पुनर्वसन

त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसवण्यात आली. आजचे गांधीनगर ते हेच. कापडाच्या घाऊक बाजारपेठेमुळे कोकण व उत्तर कर्नाटकातील व्यापाऱ्यांनाही ते परिचित आहे. या कुटुंबांनी येताना पोलिश कुटुंबांपेक्षा अधिक काही आणले होते असे नाही. त्यांच्या कष्टांचे श्रेय कमी न लेखता असे म्हणावे लागते, की निर्णायक फरक राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ ने घडवला. जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणी एक, अविभाजित भारतात जन्मले होते, ती पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी स्थलांतरित होऊन तेव्हापासून भारतात सामान्यतः राहत असेल तर तिला नागरिक मानले गेले. त्या दिवशी अथवा नंतर आलेल्यांना मात्र अर्जापूर्वी किमान सहा महिन्यांचे वास्तव्य आणि अधिकाऱ्याकडे नोंदणी आवश्यक ठरली. १९ जुलै ही तारीख परवाना पद्धतीच्या आरंभाशी निगडित आहे. अनुच्छेद ७ मध्ये तर 'पुनर्वसनासाठी किंवा कायम परतण्यासाठी' दिलेल्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आढळतो. एका दिवसाच्या अंतराने माणसाची कायदेशीर ओळख बदलत होती.

पाच वर्षांचा प्रश्न

येथे एक शंका उपस्थित होते. घटनेच्या अनुच्छेद ५ नुसार, भारतात अधिवास असणारी आणि घटनेच्या प्रारंभापूर्वी सलग किमान पाच वर्षे येथे सामान्यतः राहिलेली व्यक्तीही नागरिक ठरत होती. १९४३ मध्ये आलेला एखादा पोलिश निर्वासित येथेच राहिला असता तर त्याला हा लाभ मिळाला असता काय? वर्षे भरली असती. अधिवास सिद्ध करणे कठीण गेले असते. लुई द राएट खटल्याच्या १९९१ च्या निकालावरून याची कल्पना येते. हे बेल्जियन धर्मप्रचारक १९३७ पासून भारतात होते. १९८७ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश झाला, तेव्हा त्यांनी अनुच्छेद ५ चाच आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. ते परदेशी नागरिक म्हणून निवासाचे परवाने घेऊन राहिले होते. घटनेच्या प्रारंभापूर्वी कायम वास्तव्याचा हेतू निश्चित झाल्याचे त्यांना दाखवता आले नाही. जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण परकीयालाही आहे, परंतु भारतात स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क त्याला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पन्नास वर्षांची सेवाही हेतूचा पुरावा ठरली नाही, हे कठोर वाटले तरी परवान्याचे तर्कशास्त्र असेच चालते : प्रत्येक नूतनीकरणात परकेपणाची कबुली दडलेली असते.

सद्यःस्थिती

अमेरिकेतील 'ग्रीन कार्ड'सारखा सर्वसाधारण कायम निवासाचा दर्जा भारतीय कायद्यात नाही. २०१६ मध्ये मान्य झालेली कायम निवासाची योजना ठरावीक मुदतीत किमान दहा कोटी रुपये गुंतवणाऱ्या परकीयांपुरती असून तिचीही मुदत दहा वर्षे व पुढे नूतनीकरण अशी आहे. इतरांसमोर व्हिसा, नोंदणी आणि शेवटी १९५५ च्या कायद्यानुसार नागरिकत्व हाच मार्ग उरतो. देशीयकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे वास्तव्य लागते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मसमूहांसाठी अकराऐवजी पाच वर्षे केली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांना 'ओसीआय' नोंदणीमुळे भारतात अमर्याद काळ राहता येते. मात्र त्यात मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि कायद्यात नमूद कारणांवरून नोंदणी रद्द होऊ शकते. या दर्जातील सवलती अधिसूचनेने बदलतात, याचा अनुभव शिक्षणक्षेत्राने घेतला आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या अथवा अतिरिक्त जागांपुरतेच पात्र ठरवले. ही मर्यादा त्या तारखेनंतर परदेशात जन्मलेल्यांनाच लागू करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. ती मुले अद्याप लहान आहेत. त्यांचे अर्ज महाविद्यालयांच्या प्रवेश खिडकीवर येण्यास आणखी एक तप लागेल.