चॅटबॉटला दुखणे सांगताना

मोबाईलवरच्या चॅटबॉटला दुखणे विचारून मगच दवाखान्याची पायरी चढणारे रुग्ण हल्ली मला रोज भेटतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि बघता बघता हे वेड खेडोपाडी पोहोचले. विचारू नका, असे मी कोणालाही म्हणत नाही. मात्र बहुतेकांचा प्रश्न जेमतेम चार शब्दांचा असतो : 'ताप आहे, काय घेऊ?'

अशा वेळी डॉक्टर दहा उलट प्रश्न विचारतात. चॅटबॉट बऱ्याचदा लिहिले तेवढ्यावरच उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून ती माहिती आपणच आधी पुरवावी. वय, स्त्री की पुरुष, गरोदर असल्यास कितवा महिना, ताप किती दिवसांचा, मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार आहे काय, हे सारे हवे. आपला भाग आणि ऋतू लिहायला तर जवळजवळ सगळेच विसरतात. आमच्या कोकणात ऐन पावसाळ्यात भाताच्या खाचरात राबणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावीच लागते. खाचराचा उल्लेखच नसेल तर यंत्र साध्या फ्लूवर बोलत बसेल. डेंग्यूच्या दिवसांत अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

चालू औषधांबद्दल 'ती पिवळी गोळी' असे लिहून काय उपयोग? पाकिटावर बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते उतरवून घ्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत वाढते. निरोगी प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

'साखर १८०' एवढेच लिहू नये. उपाशीपोटी की जेवणानंतर दोन तासांनी, हे सांगावे. एककही लिहावे, कारण इंग्लंडसारख्या देशांत साखर मिलिमोलमध्ये मोजतात. तिकडचे ७ म्हणजे आपल्याकडचे १२६; अठराने गुणायचे.

आपले घरगुती शब्दही घोटाळा करतात. 'चक्कर येते' म्हणजे घर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? 'अंगावरून जाते' म्हणजे पांढरे की लाल? लाज न बाळगता स्पष्ट लिहावे.

'मेथीचे पाणी घेतो, मधुमेहाची गोळी बंद केली तर चालेल ना?' हा प्रश्न मला फार धोक्याचा वाटतो. विचारणाऱ्याची मर्जी राखण्याकडे या यंत्राचा कल असतो. त्यात 'ना' जोडला की होकाराला वाटच करून दिली! त्याऐवजी 'गोळी बंद केल्यास कोणते धोके संभवतात?' असे विचारून पाहा. आणि हो, रिपोर्टचा फोटो टाकताना नाव आणि फोन नंबर झाकायला विसरू नका.

काही दुखणी मात्र लिहीत बसण्याची नव्हेतच. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर चॅटबॉट बाजूला ठेवून १०८ फिरवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते कागदावर टिपून सोबत न्या. रुग्णालयात आधी तेच विचारतील.