रुळांचा हिशेब (लेखांक 6) : ठाणे-दिवा, रखडलेले नऊ किलोमीटर

मागच्या लेखात आपण मालगाड्यांचा हिशेब पाहिला. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेताना ट्रकमुळे जितका कार्बन हवेत जातो, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शात रेल्वेचं काम भागतं. प्रवाशांच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही, कारण तिथे गाडीत माणसं किती, यावर सगळं ठरतं. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायला जेमतेम हजार-बाराशे जागा असतात आणि सकाळच्या फास्टमध्ये चार-पाच हजार माणसं असतात. म्हणजे माणशी इतका कमी कार्बन सोडत कामाला जाणारे लोक जगात फार थोड्या ठिकाणी सापडतील. डोंबिवलीकराला हे सांगून पाहा. तो काय उत्तर देईल ते इथे छापता येणार नाही.

या काटकसरीची किंमत प्रवासी देतात. 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या मधल्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. नंतर चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दारांची. दारं हवीतच, पण दार बंद झाल्यावर बाहेर लटकणारा माणूस कुठे उभा राहणार, हा प्रश्न रुळांचा आहे.

तो समजायला कल्याणचा नकाशा पुरेसा आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि तिथून दोन वाटा फुटल्या. एक कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे, दुसरी कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. उत्तर भारतातून आणि दक्षिणेतून येणाऱ्या गाड्या या दोन घाटांतून उतरतात आणि कल्याणला नरसाळ्यात ओतल्यासारख्या एकत्र येतात. पुढे ठाण्यापर्यंत वर्षानुवर्षं दोन रूळ धीम्या लोकलना आणि दोन रूळ बाकी सगळ्यांना होते. ‘बाकी सगळे’ म्हणजे फास्ट लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यासुद्धा. लांबून येणारी मेल तासभर उशिरा आली, तर ती स्वतःचा तास घेऊन येत नसे, फास्ट लोकलच्या मधली फट मागत असे. मग दिव्याच्या अलीकडे लोकल सिग्नलला उभी. आतल्या माणसाला कारण दिसत नसे, फक्त शेजारून झोपलेल्या प्रवाशांचे डबे जाताना दिसत.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळे रूळ द्यायचे, म्हणजेच पाचवी-सहावी मार्गिका. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण हे तुकडे आधी झाले. मधले नऊ-साडेनऊ किलोमीटर तेवढे राहिले, कारण तिथे खाडी, पारसिकचा डोंगर आणि रुळांना चिकटून वाढलेलं मुंब्रा आहे. 2008 मध्ये मंजूर झालेलं काम फेब्रुवारी 2022 मध्ये, 72 तासांच्या ब्लॉकनंतर संपलं. आता फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने जातात आणि 1916 पासून त्यांना अंधारातून नेणारा पारसिकचा बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. वाटा वेगळ्या झाल्या म्हणून 36 फेऱ्या वाढवता आल्या.

त्यांतल्या 34 वातानुकूलित होत्या. इथे रेल्वेचं गणित चुकलं, असं मला वाटतं. ज्याला दारात पाय ठेवायला जागा नाही, त्याच्या पुढ्यात कित्येक पट तिकिटाची गाडी उभी केली, तर त्याच्यासाठी ती फेरी वाढलीच नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक चिडले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

आता पुन्हा कार्बनकडे. हवामानाबद्दल बोलताना ‘विजेची गाडी, म्हणून स्वच्छ’ असं म्हणायची सवय आहे. ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांना तरी ते पटू नये. 1930 च्या सुमारास घाटांपर्यंत वीज गेली ती ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमधून, आणि तिथे कोळसाच जळत होता. इंजिनाचा धूर चिमणीत गेला, इतकंच. हे केंद्र 1980 च्या दशकात बंद पडलं. पण देशातली बरीचशी वीज आजही कोळशाचीच आहे, फक्त चिमण्या आपल्या डोळ्यांआड आहेत. तरीही लोकल मोटारीहून कितीतरी सरस ठरते, कारण पोलादी रुळावर पोलादी चाक फिरवायला फार कमी जोर लागतो. शिवाय दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या नव्या लोकल ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत सोडतात.

पण खरा फायदा माणूस रस्त्यावरून रुळावर येण्यात आहे, निदान रुळावरून रस्त्यावर न जाण्यात. तो रोज कल्याणहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिळफाट्याला, पणाला लागतो. कल्याण-डोंबिवलीहून ऐरोली, महापे, तुर्भ्याला कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रेल्वेने जायचं तर ठाण्याला उतरा, पुलावर चढा, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर पकडा. ठाण्याच्या त्या पुलावर सकाळी नऊला उभं राहिलं की दुचाकीचा हप्ता परवडतो, असं कोणालाही वाटेल. म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखला गेला, म्हणजे कल्याणहून येणारी लोकल ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईकडे वळेल. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. प्रत्यक्ष जोडमार्ग मात्र वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला.

त्या कुटुंबांना ‘अडथळा’ म्हणायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्यांचीही कामं याच पट्ट्यात आहेत. त्यांना दूर कुठे नेऊन ठेवलं तर तीही उद्या याच गर्दीत भर घालतील. जवळच घरं देणं महाग पडतं खरं, पण चौदा वर्षं रखडलेल्या साडेनऊ किलोमीटरमध्ये प्रवाशांनी जे मोजलं, ते कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेलं नाही.

पुढच्या लेखात पनवेल-कर्जत मार्ग.