खरवडलेलं लेबल

उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये गेली 19 वर्षं मी रक्ताच्या काचपट्ट्या बघते. आमच्या भागात सिंधी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यांच्यात थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे या रक्तविकाराच्या वाहकांचं, प्रमाणही जास्त. त्यामुळे गरोदर बाई आली की तो विचार मनात असतोच.

एकदा दहाव्या आठवड्यातली एक ताई आली. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, 84. मायनरमध्ये ते बहुधा 80च्या खाली असतं, म्हणजे मशीनच्या हिशेबानं पुढची तपासणी नको. पण काचपट्टीवर मधोमध गडद ठिपका असलेल्या पेशी दिसल्या. मायनरमध्ये अशा दिसतात. मी तिला परत बोलावलं.

"ताई, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

ती दाराकडे बघत राहिली. मग पर्समधून डबी काढली. वरचं लेबल नखानं खरवडलेलं होतं. "सासूबाईंना माहीत नाही, मॅडम." मग अगदी हळू आवाजात नाव सांगितलं, झिडोव्हुडिन.

एचआयव्हीवरचं हे जुनं औषध. त्यानं अस्थिमज्जेत पेशींचं विभाजन मंदावतं आणि तांबड्या पेशी मोठ्या होतात. थॅलेसेमियात त्या लहान राहतात. दोन्ही एकत्र आले की आकार मधेच कुठेतरी येतो आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो.

हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत तिचं एचबीए-टू 5.2 टक्के निघालं. मायनरमध्ये ते वाढलेलं असतं, म्हणजे मायनरच. कधी उलटंही होतं. याच औषधानं एचबीए-टू जरा वाढतं आणि 3.6 सारखा काठावरचा आकडा आला तर मायनर नसतानाही शंका येते. अशा वेळी नवऱ्याचं रक्त आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणी करावी लागते. आईवडील दोघंही बीटा थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून सुरुवातीचे आठवडे मोलाचे. या ताईच्या नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा ती माझ्यासमोरच रडली.

आता बहुतेकांना दुसऱ्या गोळ्या मिळतात, पण झिडोव्हुडिन अजून वापरात आहे. ते चालू असेल तर मनानं बंद करू नका, एचआयव्हीच्या गोळ्याच बाळाला संसर्गापासून वाचवतात. फक्त डॉक्टरांना आणि लॅबला नाव सांगा. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती इतरांना सांगायला 2017च्या एचआयव्ही कायद्यानं सहसा मनाई आहे.

आणि सांगायला जागा देणं आमचं काम. त्या दिवसापासून गोळ्यांची चौकशी मी दार लावूनच करते.